घर पाडण्याआधी विहीर

न्यू जर्सीत जुनं घर पाडायचं तर स्थानिक बांधकाम कचेरीतून परवाना काढावा लागतो, आणि परवान्याआधी पत्रं गोळा करावी लागतात. राज्याच्या बांधकाम नियमावलीचं म्हणणं सरळ आहे. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी अशा ज्या जोडण्या घरात येतात, त्या पुरवणाऱ्यांनी त्या तोडून टोकं नीट बंद केल्याचं लेखी कळवायचं. तोवर पाडकामाचा कागद हाती पडत नाही. वीज कंपनी मीटर काढून नेते, पत्र देते. गॅस कंपनी आपली नळी बंद करते, पत्र देते. हंटरडन परगण्यासारख्या भागात मात्र पाण्याच्या रकान्यापाशी गाडी अडते. तिथल्या असंख्य घरांना नगरपालिकेचा नळच नाही. अंगणात सहा इंची पोलादी पाइप जमिनीतून फूटभर वर आलेला असतो, त्यावर टोपण बसवलेलं असतं, आणि तीच त्या घराची पाणीपुरवठा योजना. तिला ना मीटर, ना बिल, ना ग्राहक क्रमांक. मग पत्र द्यायचं कोणी?

मालकाने. पाणी कंपनी तोच आहे. विहीर तोडण्याची, बुजवण्याची आणि तसा कागद सादर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हे काम तो परवानाधारक विहीर-ठेकेदाराकडून करून घेतो आणि ठेकेदाराचा अहवाल राज्याच्या पर्यावरण खात्याकडे जातो. घर पाडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट बुलडोझर दारात आल्यावर कळते.

अमेरिकेसारख्या देशात खासगी विहिरी कितीशा असतील, असं महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटू शकतं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या हिशोबाने सुमारे ४ कोटी ३० लाख लोक घरच्या विहिरीचं पाणी पितात. आपल्याकडे विहीर म्हटलं की काठ, रहाट आणि पायऱ्या आठवतात. तिथली आजची घरगुती विहीर म्हणजे बहुतेक वेळा आपली बोअर. १९७४चा सुरक्षित पेयजल कायदा या विहिरींना लागूच होत नाही. किमान १५ जोडण्या असलेल्या किंवा वर्षातले किमान ६० दिवस २५ माणसांना पाणी देणाऱ्या योजनांपासून त्याची हद्द सुरू होते. त्याखालचं सगळं घरमालकाच्या अकलेवर आणि राज्याच्या नियमांवर सोडलेलं आहे. त्यामुळे पाणी तपासणं जसं मालकाचं काम, तसंच विहिरीचा शेवट नीट करणंही त्याचंच.

तोडायचं म्हणजे नक्की काय तोडायचं, हे समजायला जमिनीखाली उतरावं लागतं. शे-दोनशे, कधी चारशे फूट खोल गेलेल्या भोकात तळाजवळ सबमर्सिबल पंप लोंबकळत असतो. त्याच्यापासून वर पाण्याचा पाइप येतो आणि पाइपाला बांधलेली केबल येते. थंड राज्यांत हा पाइप केसिंगच्या तोंडातून बाहेर काढत नाहीत, कारण हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटेल. मिनेसोटात घराचा पाया दक्षिणेला साडेतीन आणि उत्तरेला पाच फूट खोल घ्यावा लागतो, इतकी खोल तिथली जमीन गोठते. म्हणून त्या पातळीच्या खाली केसिंगला बाजूने भोक पाडून एक खास जोड बसवतात. पाणी तिथून आडवं वळून जमिनीखालूनच तळघरात शिरतं. तळघरात प्रेशर टाकी असते आणि तिच्याजवळ प्रेशर स्विच. टाकीतला दाब ४० पौंडांवर उतरला की पंप सुरू होतो, ६० वर चढला की थांबतो. काही घरांत हे आकडे ३० आणि ५० असतात. पंपाला वीज साधारण २४० व्होल्टची, घरातल्या फळीवरच्या जोड ब्रेकरमधून.

म्हणजे वरून दिसतो फूटभर पाइप, आणि खाली अंगणभर पसरलेली पाण्याची आणि विजेची जोडणी असते. तिचं एक टोक पाडायच्या घरात, दुसरं जमिनीच्या पोटात.

कामगारांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या 'ओशा' या केंद्रीय संस्थेच्या १९२६.८५० क्रमांकाच्या नियमात पाडकामाआधीची तयारी सांगितली आहे. वीज, गॅस, पाणी, वाफ, सांडपाणी या सगळ्या वाहिन्या काम सुरू होण्याआधी इमारतीच्या रेषेबाहेर बंद करायच्या, झाकायच्या किंवा अन्य प्रकारे ताब्यात आणायच्या, आणि संबंधित कंपन्यांना आगाऊ कळवायचं. यात 'इमारतीच्या रेषेबाहेर' हे शब्द महत्त्वाचे. तळघरातला व्हॉल्व्ह फिरवून किंवा फळीवरचा ब्रेकर पाडून हे काम होत नाही, कारण व्हॉल्व्ह आणि फळी दोन्ही ढिगाऱ्यात जाणार असतात. आणि कळवायचं कोणाला, तर कंपनीला. विहिरीच्या बाबतीत ती कंपनी पुन्हा घरमालकच.

खणण्याआधी ८११ हा क्रमांक फिरवायचा, हे अमेरिकेत २००७ पासून देशभर रुळलेलं आहे. फोन केला की वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येतात आणि गवतावर रंगाच्या रेषा मारून जातात: वीज लाल, गॅस पिवळी, टेलिफोन आणि केबल नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, सांडपाणी हिरवं. सोय मोफत आहे आणि तिने कितीतरी जीव वाचवले असतील. पण ही माणसं फक्त आपापल्या कंपनीच्या मालकीच्या वाहिन्या दाखवतात, आणि कंपनीची मालकी बहुधा मीटरपाशी संपते. विहिरीपासून घरापर्यंतचा पाइप आणि त्याच्याबरोबर पुरलेली २४० व्होल्टची केबल खासगी असते. तिच्यावर कोणी रेषा मारत नाही. अंगणात सगळे रंग दिसले, निळा दिसला नाही, म्हणून तिथे पाण्याची वाहिनी नाही असं समजणारा खोदयंत्राचा चालक केबलच तोडून बसतो. खासगी वाहिन्या शोधून देणारे वेगळे तंत्रज्ञ असतात, त्यांना पैसे मोजून बोलवावं लागतं.

शेतावरच्या घरांत आणखी एक फसगत होते. मीटर घराच्या भिंतीवर नसून आवारातल्या खांबावर असतो आणि तिथून एक फाटा घराला, एक गोठ्याला, एक विहिरीला गेलेला असतो. घराकडचा फाटा तोडला, पत्र आलं, सगळे निर्धास्त झाले, आणि विहिरीची केबल मात्र जिवंतच. म्हणून जाणते इलेक्ट्रिशियन कागदावर विश्वास ठेवत नाहीत. ब्रेकर पाडून त्याला कुलूप आणि चिठ्ठी लावतात, मग विहिरीच्या तोंडाशी टोपण उघडून तिथल्या तारांवर मीटर धरून पाहतात.

त्याआधी मालकाला एक निर्णय घ्यावा लागतो: विहीर ठेवायची की संपवायची?

त्याच जागी नवं घर बांधायचं असेल आणि विहीर धडधाकट असेल, तर ठेवणं शहाणपणाचं. अशा वेळी पंपाची वीज घराच्या फळीवरून सोडवून आवारात उभारलेल्या तात्पुरत्या खांबावर घेतात. याचा आणखी एक उपयोग होतो. पाडकामात धूळ बसवायला सतत पाण्याचा फवारा मारावा लागतो, आणि वीज कंपनीने मीटर नेल्यावर विहिरीत पाणी असूनही नळ कोरडा पडतो. ज्याने आधी विचार केला नाही, त्याला आपल्याच विहिरीशेजारी पाण्याचा टँकर उभा करावा लागतो. ठेवलेल्या विहिरीभोवती भक्कम कुंपण घालायचं, कारण फूटभर उंच पाइप खोदयंत्राच्या चालकाला दिसत नाही. यंत्राचा फावडा केसिंगला लागला की वरून नुसता पोचा दिसतो, पण खाली जोड उसवला असला तर अंगणातलं घाण पाणी थेट पिण्याच्या पाण्यात उतरायची वाट तयार होते.

संपवायचं ठरलं तर आधी टाकी रिकामी करतात. मग तळघराच्या भिंतीबाहेर खड्डा घेऊन पाइप आणि केबल कापतात आणि टोकं बंद करतात. त्यानंतर ठेकेदार विहिरीच्या तोंडातून लांब दांडी खाली सोडून त्या बाजूच्या जोडात आटे बसवतो, जोड सुटतो आणि पाइप, केबल, पंप असं सगळं वर ओढून काढतो. पंप आत सोडून वरून सिमेंट ओतणं हा शॉर्टकट झाला. अडथळा काढल्याशिवाय भरणं तळापर्यंत पोचत नाही. जुन्या पंपाची वेगळी काळजी असते. अमेरिकेने पीसीबी या घातक रसायनांचं उत्पादन १९७९ मध्ये बंद केलं, पण त्याआधीच्या काही सबमर्सिबल पंपांच्या कपॅसिटरमध्ये ती होती. असा पंप भंगारात फेकता येत नाही.

मग भोकाची खोली मोजतात, क्लोरीनने निर्जंतुक करतात आणि भरायला घेतात. सहा इंची केसिंगमध्ये दर फुटाला सुमारे दीड गॅलन जागा असते. दोनशे फूट विहीर म्हणजे जवळजवळ ३०० गॅलन, आपल्या हिशोबात अकराशे लिटर. निव्वळ सिमेंट आणि पाणी यांची स्लरी वापरली, तर ९४ पौंडांची एक गोणी साधारण १.१८ घनफूट भरते. म्हणजे तेहेतीस-चौतीस गोण्या. ही स्लरी वरून ओतत नाहीत. एक नळी तळापर्यंत सोडतात, तिच्यातून पंपाने स्लरी ढकलतात आणि ती खालून वर चढत पाण्याला बाहेर रेटते. दुसरा पर्याय बेंटोनाइट मातीच्या खड्यांचा. ही माती अमेरिकेत मुख्यतः वायोमिंगमधून येते आणि पाण्यात पडली की भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगून फटी बुजवते. शेवटी वरचा दोन-तीन फूट केसिंग कापून माती ओढतात.

साधी माती का चालत नाही? पाडलेल्या घराचा राडारोडा शेजारीच पडलेला असतो, तो आत लोटला की काम झालं, हा मोह प्रत्येक ठेकेदाराला होत असेल. अरुंद भोकात माती आणि दगड मध्येच अडकतात आणि खाली शंभर फूट पोकळी तशीच राहते. वरून सपाट दिसतं. दहा वर्षांनी तो अडसर खचतो आणि अंगणात अचानक भोक पडतं. तोवर पावसाचं पाणी, खत, शेजारच्या सेप्टिक टँकची गळती या उभ्या वाटेने भूजलात झिरपत राहते. आणि भूजल कुणा एकट्याचं नसतं. शेजाऱ्याची विहीर त्याच थरातून पाणी पिते.

उघड्या विहिरीची भीती मात्र अमेरिकेला प्रदूषणाच्याही आधी एका मुलीने दाखवली. ८ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनोमध्ये तीन वर्षांची कॅथी फिस्कस खेळता खेळता १९०३ मध्ये खणलेल्या, जेमतेम १४ इंच रुंदीच्या बंद पडलेल्या विहिरीत पडली. शेजारी समांतर खड्डा खणून माणसं शंभरएक फुटांवर तिच्यापर्यंत पोचली तेव्हा उशीर झाला होता. लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीने हे बचावकार्य सत्तावीस तासांहून अधिक वेळ थेट दाखवलं. टेलिव्हिजनवरच्या सलग थेट वार्तांकनाची सुरुवात म्हणून त्याचा उल्लेख होतो. या घटनेतला सर्वांत कडू तपशील वेगळाच आहे. विहीर ज्या पाणी कंपनीची होती, तिथेच कॅथीचे वडील नोकरीला होते, आणि जुन्या विहिरी सिमेंटने बंद करण्याची सक्ती करणाऱ्या कायद्यासाठी त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी राज्याच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली होती.

१९८७च्या ऑक्टोबरमध्ये टेक्ससमधल्या मिडलंड गावी दीड वर्षाची जेसिका मॅक्लूर मावशीच्या अंगणात आठ इंची विहिरीत २२ फुटांवर अडकली. ५८ तासांनी ती जिवंत बाहेर आली. तो क्षण टिपणाऱ्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

भारतीय वाचकाला यात २००६च्या जुलैमधला हरियाणातला प्रिन्स आठवेल. साठ फुटांच्या बोअरमध्ये पडलेल्या त्या पाच वर्षांच्या मुलाला लष्कराने वाचवलं आणि वाहिन्यांनी तोही प्रसंग देशभर दाखवला. अशा घटना थांबेनात, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले: बोअर घेण्याच्या पंधरा दिवस आधी सूचना, खणताना कुंपण आणि फलक, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर पोलादी झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरणं. या शेवटच्या वाक्यात दोन देशांतला फरक दिसतो. भारतातला नियम मूल पडू नये म्हणून केलेला आहे, आणि त्या कामाला माती-वाळू पुरते. अमेरिकेतली राज्यं त्याच भोकातून घाणही उतरू नये म्हणून सिमेंट किंवा बेंटोनाइट मागतात. आपल्याकडे हजारो बोअर एकाच खडकाच्या फटींतून पाणी ओढतात, तेव्हा दुसऱ्या कारणाचा विचार आपल्या नियमांतही यायला हरकत नाही.

सगळ्यांत धोकादायक विहीर मात्र ती, जिची कोणाला आठवणच नाही. १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची योजना सुरू केली तेव्हा अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती. त्याआधीच्या घरांना हाताने खणलेली, दगडांनी बांधलेली विहीर असे. वीज आली, पंप आला, नवी खोल बोअर घेतली, आणि जुनी विहीर फळ्यांनी झाकून त्यावर व्हरांडा वाढवला. पुढे गाव वाढलं, नगरपालिकेचा नळ आला, तेव्हा ती बोअरही बागेपुरती उरली किंवा विसरली गेली. अशा घराच्या पाडकामात पाण्याचं पत्र सहज मिळतं, कारण नळ कंपनीचा असतो. रकाना भरतो, कारकून शिक्का मारतो, आणि दोन विहिरी ढिगाऱ्याखाली गडप होतात. त्यांचा शोध घर उभं असतानाच घ्यायचा. तळघराच्या भिंतीतून बाहेर जाणारा बंद पाइप, कुठेही न पोचणारा जोड ब्रेकर, अंगणातली खचलेली गोल जागा, जुनी छायाचित्रं, म्हातारे शेजारी. आणि याने भागलं नाही तर लोखंडी केसिंग हुडकणारं चुंबकीय यंत्र.

घरं एकेकटी पडत नाहीत तिथे हा प्रश्न गुणाकाराने वाढतो. पुराच्या टापूतली घरं 'फेमा' या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या पैशातून विकत घेतली जातात, तेव्हा खरेदी पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत ती हटवावी लागतात. आपत्तीनंतर खासगी घरं पाडताना विहिरींची तोंडं बंद करणं आणि सेप्टिक टँक उपसून बंद करणं हा खर्च ही संस्था मान्य करते. कॅलिफोर्नियातलं हिंकली हे याहून विचित्र उदाहरण. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने तिथल्या आपल्या केंद्रातलं क्रोमियममिश्रित पाणी १९५२ ते १९६६ या काळात अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं आणि ते घरोघरच्या विहिरींत उतरलं. १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली, २००० मध्ये 'एरिन ब्रॉकोविच' हा चित्रपट आला, आणि जगाला वाटलं गोष्ट संपली. पण प्रदूषणाचा पट्टा पसरत राहिला. २०१० नंतर कंपनीने तिथली घरं विकत घेऊन पाडायला सुरुवात केली. २०१३ मध्ये गावातली शाळाही बंद झाली. प्रदूषित भूजलावर उभी असलेली प्रत्येक बेवारस विहीर म्हणजे वरच्या आणि खालच्या थरांना जोडणारी वाट, त्यामुळे तिथे घराइतकाच विहिरीचाही हिशोब लागतो.

काही राज्यांनी हा हिशोब विक्रीच्या व्यवहाराला बांधला आहे. आयोवात जमीन हस्तांतराच्या वेळी भूजलाला धोका ठरणाऱ्या गोष्टींचं निवेदन द्यावं लागतं, त्यात विहिरी येतात. मिनेसोटात १ जुलै १९९० पासून घर विकणाऱ्याने विक्रीच्या करारावर सही करण्याआधी जागेवर किती विहिरी आहेत, कुठे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे लेखी सांगावं लागतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, पण ती बुजवली कशी, याचा कागद शोधून सापडत नाही.

न्यू जर्सीत, मिशिगनमध्ये किंवा मिनेसोटात जुनं घर घेऊन त्या जागी नवं बांधायच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांनी क्रम एवढाच ठेवावा: आधी विहीर-ठेकेदार, मग इलेक्ट्रिशियन, मग वीज कंपनी, आणि पाडकामवाला शेवटी. विहीर बुजवल्याच्या अहवालाची प्रत आणि जागेचा मोजमापांसह नकाशा घराच्या खरेदीखताजवळ ठेवावा. पुढे घर विकायची वेळ आली की तो मागितला जाऊ शकतो, आणि त्या वेळी विहीर जमिनीत तीन फूट खाली असते.